मागची डावी पेटी

लेक : आता परत जुनं सराउंड मिक्स लावते, चारही स्पीकरच्या पेट्यांवर. मग काकाचं नवं. पाचवंच गाणं, शेवटचा तुकडा.

बाबा : किती दळण दळायचं तेच तेच? इतकी वर्षं लोक हा अल्बम डोक्यावर घेऊन नाचतायत. जुनंच काढा नि मोकळे व्हा.

लेक : बाबा, नव्याने काढायला कुठलं मिक्स घ्यायचं ते रेकॉर्ड कंपनीने माझ्यावर सोपवलंय. आणि जुन्यात तुमची गिटार चारही बाजूंनी अंगावर येते. काकाचे ड्रम शोधावे लागतात.

बाबा : बँड माझा होता.

काका : ऐकू दे की तिला, दादा.

लेक : हं, हे नवं. अरे काका, डावी बाजू केवढी चढवलीस!

काका : जास्त झाली का? वाटलंच मला. डावीकडचं मला ऐकू येईपर्यंत चढवत जातो गं मी. एका कानाचा माणूस, काय करणार!

लेक : मग खुर्ची फिरवून ऐकायचं.

काका : सगळ्यांसमोर गोल गोल फिरू? लाज वाटते.

लेक : थांब जरा. शेवटी ती झांज कोसळते ना, सगळ्यांच्या आवडीची? जुन्यात नुसता धडाम् येतो. इथे ड्रमच्या माइकचा आवाज एकटाच मागच्या डाव्या पेटीत आलाय, आणि झांजेच्या आधी काहीतरी आहे.

बाबा : इफेक्ट आहे तो. बंद कर.

लेक : परत लावते. ऐका. आधी टक्. मग चट्. मग स्टूल पडतं, झांज पडते. आणि कोणीतरी म्हणतंय, "दादा, पुरे."

काका : काय म्हणतंय?

लेक : "दादा, पुरे." तुला ऐकू नाही आलं?

काका : मला तिथे नुसती झांज येते.

लेक : बाबा, तो टक् तुमच्या अंगठीचा आहे.

बाबा : काहीतरी बरळू नकोस. टेपवर अंगठी ओळखू येते होय?

लेक : मी भिंतीपलीकडून तो आवाज ऐकतच मोठी झालेय. आधी अंगठी हाडावर, मग पंजा. आईला डोळे मिटून ऐकवा, तीसुद्धा ओळखेल.

बाबा : तोंड आवर! एक कानाखाली आवाज काढीन.

लेक : काढलात की. तोच तर ऐकतोय आपण. काका, तुझा कान लहानपणी तापाने गेला ना?

काका : तसं सांगायचं ठरलं होतं. तुझ्या आजीने हात जोडले माझ्यापुढे. घरातलं घरात राहू दे म्हणाली.

लेक : आणि तू मूग गिळून बसलास!

काका : पुढे दौरा होता, बाळा. आणि आजी रडत होती.

बाबा : ताल सोडला होतास तू! दहादा सांगितलं, दहादा घसरलास. टेप चालू होती. आवाज झकास आला, ठेवला. त्या आवाजावर नाव झालं आपलं, बारक्या. तुझंसुद्धा!

काका : कानातून रक्त येत होतं, दादा. तू म्हणालास, चला, पुढचं गाणं.

बाबा : वाजवलंस ना पण? मग? आणि आता म्हातारपणी सूड उगवायला तो आवाज वर काढतोस, हलकटा!

काका : सूड कसला? मला ते ऐकूच येईना, म्हणून तर चढवत गेलो.

बाबा : असं? मग हे घे!

(स्टूल भिरकावलं जातं. मागची डावी पेटी फुटून खाली कोसळते.)

लेक : बाबा! वेड लागलंय का?

बाबा : पुसून टाक ते. आत्ताच्या आत्ता! पूस म्हणतो ना, नाहीतर या टेबलावर आपटीन डोकं...

लेक : केस सोडा! आई गं! काका!

काका : दादा, सोड तिला.

बाबा : हो बाजूला. तुझा दुसरा कानही...

काका : सोड.

बाबा : मनगट! अरे, मोडेल, मोडेल ते!

काका : मोडू दे. रोज ड्रम बडवतो मी अजून, हातात जोर आहे. आधी तिचे केस.

बाबा : सोडले! हे बघ, सोडले. पुरे, बारक्या. पुरे!

काका : मी म्हणालो होतो तेव्हा तू थांबला नव्हतास. त्याच कानावर परत मारलंस. नीघ इथून.

बाबा : हे बाहेर आलं तर मी तुम्हाला मेलो.

लेक : दार उघडंच आहे, बाबा.

काका : गेला? मला पावलं कळत नाहीत.

लेक : गेले. मूठ सोड आता.

काका : चीड आली गं. अजून सुटत नाहीये. तुझं डोकं बघू. रक्त आलंय.

लेक : येऊ दे. काका, कुठलं पाठवू? जुन्यात सगळं झाकलेलं राहील. तुझं पाठवलं, तर डावी बाजू थोडी खाली घेईन, पण ते राहीलच. बाबांची छी थू होईल. आणि आजीला दिलेला शब्द?

काका : आजी गेली. शब्द मी तिच्यासाठीच पाळला. पण ते नक्की काय आहे, हे मी अजून ऐकलेलंसुद्धा नाही.

लेक : पेटी तर फुटली. थांब, तो आवाज उजवीकडच्या पेटीत वळवते. खुर्ची फिरव. आता कोणी बघत नाहीये. उजवा कान इकडे कर. लावू?

काका : लाव.

लेक : आलं?

काका : परत एकदा.

लेक : आता?

काका : आलं. हेच पाठव, बाळा. केवढासा होतो गं मी.