एफीवर घातलेलं ग्लॅमर

...नाही हो, नवऱ्याची चूक नाही, नणंदेची तर मुळीच नाही, पाप माझंच! तुम्हाला सांगते, इथे स्कॉटलंडात, सेलकर्कच्या बाजारात माझं ब्युटी पार्लर, दारावर ठसठशीत पाटी 'ग्लॅमर'. आणि घरात ही नणंद, एफी, साठीची विधवा, तोंडाचा पट्टा असा की कुंपणापलीकडच्या मेंढ्या लांब जाऊन चरायच्या! तिला रॉदरफर्ड मास्तरांनी जेवायला बोलावलं. विधुर माणूस, निवृत्त, सभ्य. मला दया आली... दया कसली, घर शांत होईल हा स्वार्थ! केस रंगवले, जाड चष्मा काढून घेतला, आणि बजावलं, "एफी, बाईत जरा गूढ हवं. तोंड उघडायचं ते फक्त सूप प्यायला!"

झालं! दुसऱ्या दिवशी मास्तर दुकानात हजर. "बाई, काय ती नजर! किती खोल! सूप गार होईस्तोवर मी बोलत होतो आणि त्या नुसत्या बघत होत्या!" अहो, बघते कसली, चष्म्याशिवाय तिला मास्तर काय नि कपाट काय, सारखंच! वर पाटीकडे बोट दाखवून मलाच विचारतात, "याचा मूळ अर्थ ठाऊक आहे? पूर्वी आपल्या डोंगरात वाचता येणारा माणूस म्हणजे एक तर पाद्री, नाहीतर चेटक्या! ग्रामर म्हणजे पुस्तकी विद्या, आणि पुस्तकी विद्या म्हणजे जादूटोणा! तेच ग्रामर आपल्या लोकांच्या जिभेवर घोळून ग्लॅमर झालं. ग्लॅमर घालणं म्हणजे नजरबंदी, बाई! नसलेलं दिसायला लागतं!"

नजरबंदी झालेला माणूस मलाच नजरबंदीचा अर्थ सांगतोय, आणि घातली कुणी? मी! पाप माझंच! सांगून टाकणार होते, देवाशपथ, पण पडद्याआडून एफीनं माझा एप्रन ओढला. डोळ्यांत पाणी. "वहिनी, नको ना सांगूस. किती वर्षांनी कुणीतरी दारात अदबीनं माझा कोट उतरवून घेतला गं!" उघडलेलं तोंड मिटलं मी.

लग्न झालं. मास्तर आजही रविवारी चर्चबाहेर टोपी उंचावून म्हणतात, "तुमचे उपकार!" मान वर होत नाही माझी. घरी ते दिवसभर शब्दांची मुळं खणतात, एफी मूग गिळून बसते. मग ते सगळं पोटात साठलेलं जातं कुठे? मास्तर फिरायला बाहेर पडले रे पडले की ही माझ्या दुकानात! काल साबणाचं मूळ, परवा कंगव्याचं... गिऱ्हाइकं अर्धे केस ओले ठेवून पळतात! बोलू कुणाला? पाप माझंच!

आज म्हटलं, कानात कापूस घालावा. डबा उघडला, तर म्हणाली, "वहिनी, कापूस हा शब्द कुठून आला, ठाऊक आहे?"