खंडेनवमीचा चष्मा

खंडेनवमीला अवजारं पुजायला माझी काही हरकत नाही, पण लॅबमध्ये? नको रे बाबा! तेव्हा मी सुरतेत एका डाइंग मिलमध्ये केमिस्ट होतो. त्या दिवशी सेफ्टीचा चष्मा सापडेना, म्हणून सकाळपासून नुसता येरझारा घालत होतो. टेबलावर सल्फ्युरिक ॲसिडचं बीकर उघडंच, आणि आमचे जुने ऑपरेटर, धुळ्याचे रघुआप्पा, दिसेल त्या वस्तूवर फुलं वाहत सुटलेले.

"आप्पा, त्या ॲसिडला हात लावू नका हं!"

"हात कशाला लावू साहेब? लांबूनच पुजतो," म्हणत त्यांनी फुलानं पाणी शिंपडलंसुद्धा.

तेलात मोहरी तडतडावी तसं ॲसिड उडालं. एक थेंब माझ्या गालावर, डोळ्याच्या जेमतेम बोटभर खाली. मी धावत जाऊन नळाखाली तोंड धरलं आणि तिथूनच ओरडलो, "माझा चष्मा कुठे गेलाय, कुणी सांगेल का?"

आप्पा कावरेबावरे झाले. "साहेब, तो तर पूजेत मांडलाय. डोळे वाचवतो ना तो, म्हणून पहिलं कुंकू त्यालाच लावलं."