मांडके सरांची सही

मंडळी, ऐका. माझा घसा बसलाय, तुम्हीही दिवसभराचं काम उरकून आलाय, तेव्हा सरळ मुद्द्याला हात घालतो. आपण म्हणतो, लेकराचं भलं व्हावं. पण त्या भल्यात आपलं स्वतःचं भलं किती मिसळलेलं असतं? दुधातलं पाणी मोजायला यंत्र आहे. हे कशानं मोजायचं?

विचार करा. तोवर मी मांडके सरांचं सांगतो.

माणदेशातलं एक लहानसं कॉलेज. सर तिथं एकतीस वर्षं वनस्पतीशास्त्र शिकवत होते. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. एके काळी वर्गात साठ पोरं – बाकावर जागा नसायची. मग कॉम्प्युटर आला. पोरं तिकडं वळली. पोरांचं काय चुकलं? पोट सगळ्यांना आहे. पण सर दमले होते. दरवर्षी रिकामे बाक मोजून माणूस दमतो, मंडळी.

त्या जूनमध्ये ऑफिसातले खरात भाऊसाहेब म्हणाले, "सर, दुसऱ्या वर्षाला बरोबर दहा आहेत. नियम दहाचाच आहे. एक जरी गेलं तरी वर्ग बंद. मग तुम्हाला परीक्षा विभागात बसवतील."

सर नुसते "बरं" म्हणाले.

आणि दोन दिवसांनी नयना शिंगाडे दारात उभी. दहातली सगळ्यात हुशार. गवताची काडी नुसती बोटांत फिरवून नाव सांगायची. हातात विषय बदलायचा फॉर्म.

"सर, कॉम्प्युटरला जाऊ का? एक वर्ष मागं पडेन. पण आतेभाऊ म्हणतो, नोकरी लागते. अप्पांची कंबर धरलीय, एसटीच्या वर्कशॉपात आता वाकता येत नाही त्यांना. धाकटी अजून आठवीत आहे."

"आणि तुला काय वाटतं?"

पोरगी खाली बघत म्हणाली, "घरी विचारतात, इथं मैत्रिणी विचारतात. ऐकून ऐकून मला काही कळेनासं झालंय. सर, तुम्ही थांब म्हणालात तर मी थांबते."

बघा मंडळी. एक शब्द. थांब. दोनच अक्षरं. सरांनी ती उच्चारली असती तर वर्ग वाचला असता, सरांची दोन वर्षं सुखात गेली असती. आणि खोटंही नव्हतं ते. पोरीला झाडांची ओढ होतीच. तुम्ही काय केलं असतंत? मला विचाराल तर मी थांब म्हणून मोकळा झालो असतो.

सर म्हणाले, "जरा बस. हे कागद बदलू लाग."

रोपं वर्तमानपत्रात दाबून सुकवतात. कागद रोज बदलावे लागतात, नाहीतर बुरशी धरते. दोघं तासभर ते काम करत बसली. सरांच्या जिभेवर तो शब्द चारदा आला आणि चारदा त्यांनी गिळला. पोरीचे हात बघत होते ते. किती हळुवार उचलायची ती पानं. असा हात एकतीस वर्षांत दोघातिघांचाच पाहिला होता त्यांनी.

मग त्यांनी फॉर्म ओढला, सही केली आणि म्हणाले, "माझी सही झाली. तुझी जागा रिकामी आहे. ती माझ्यासाठी भरू नकोस, आतेभावासाठीही नको. घरी जा, जेव, झोप. मग ठरव."

दहाच्या नियमाबद्दल चकार शब्द नाही.

तुम्हाला वाटलं असेल, पोरगी थांबली. नाही. तिसऱ्या दिवशी तिनं फॉर्म भरून दिला. वर्ग बंद झाला.

मग उरलेल्या नऊ जणांचं काय? बरोबर विचारलंत. एकीची आई कॉलेजात येऊन सरांना नको नको ते बोलली. सरांनी ऐकून घेतलं. मग त्या नऊ पोरांना घेऊन एसटीनं शेजारच्या तालुक्यातल्या कॉलेजात गेले, दिवसभर रांगेत उभे राहिले आणि नवांचे प्रवेश करून परत आले. पायाला सूज आली होती. दुसऱ्या दिवसापासून परीक्षा विभागात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधायला बसले.

पाच वर्षांनी नयनाचा पुण्याहून फोन आला. कुणीतरी तिला दहाच्या नियमाचं सगळं सांगितलं होतं.

"सर, तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू माझ्यासाठी राहिली असतीस. पुढं कधी अडलं असतं तर दोष कुणाला दिला असतास?"

ती म्हणाली, "इथं फार दमायला होतं, सर. कधीकधी झाडांची आठवण येते. पण मीच निवडलंय हे, म्हणून निभावतं."

सरांनी फोन ठेवला. वाईट वाटत होतं त्यांना. ते काही देव नव्हते. पण मनात टोचणी नव्हती.

मंडळी, दमणं कुणाला चुकलंय? तुम्ही दमलात, मी दमलो. पण आपल्या घरातलं पोर जे ओझं वाहतंय, ते त्याचं आहे की आपण त्याच्या डोक्यावर ठेवलेलं? आपण त्याला "जा" म्हणालो, "थांब" म्हणालो, ते कुणासाठी? मला उत्तर देऊ नका. समोर गाभाऱ्यात जो उभा आहे, त्याच्याकडे बघून सांगा. सांगता आलं, तर टाळ उचला. नाही आलं, तरी उचला, आणि नाम घेता घेता विचार करा.