पाणबुड्याचं घड्याळ

दुकानदार: ...आणि हे बघा काका, हे पाण्यात दोनशे मीटर जातं. दोनशे!

आजोबा: मी कुठवर जातो ते विचारा की आधी. आंघोळीच्या बादलीपलीकडे माझी मजल नाही.

नात: मग आजोबा, पाणबुड्यांचं घड्याळ कशाला घ्यायचं?

आजोबा: मोठं असतं म्हणून. अहो, याहून मोठं आहे का तुमच्याकडे?

दुकानदार: याहून मोठं म्हणजे मग भिंतीवरचंच, काका.

नात: बरणीचं झाकण बांधल्यासारखं दिसतंय.

आजोबा: दिसू दे, ठमे. तू वेणीला ते केवढं फूल लावतेस, मी काही बोलतो का?

दुकानदार: छोट्या ताईंचं बरोबर आहे हं. मनगट बारीक आहे तुमचं. हे कान बघा, पट्टा जोडतात तिथले. दोन्हीकडून मनगटाच्या बाहेर आलेत. शर्टाच्या बाहीत अडकणार. एक साइझ लहान दाखवू?

आजोबा: नको, नको. लहान घड्याळानंच घोटाळा केला माझा.

दुकानदार: तो कसा?

नात: मंगळवारी आजोबा मला पोहण्याच्या क्लासवरून न्यायला आलेच नाहीत. सगळ्या मुली गेल्या. मी ओल्या केसांनी पायरीवर बसले होते. मग वॉचमनकाकांनी आईला फोन केला आणि आई ऑफिसातून धावत आली. आता आई म्हणते, सोमवारपासून शेजारच्या काकू तुला आणतील.

आजोबा: सगळं दुकानात सांगायचं असतं का गं?

नात: त्यांनी विचारलं ना.

आजोबा: विचारलं खरं. त्याचं असं झालं बघा, मी हिला सोडतो आणि समोरच्या वाचनालयात पेपर वाचत बसतो. तलावावर आत मोठ्यांना बसू देत नाहीत. वाचनालयात भिंतीवर एवढुसं घड्याळ, दोन्ही काटे सारखे. वाजले होते सव्वापाच, मला दिसले तीन पंचवीस. एवढंच झालं.

दुकानदार: होतं असं. बारीक आकडे असले की...

नात: पण मला सोडलंच साडेचारला. मग नंतर तीन पंचवीस कसे वाजतील?

आजोबा: तेच तर! मीही तोच विचार करत बसलो. म्हटलं, घड्याळ मागे कसं गेलं? विचार करता करता वाचनालयातल्या बाई खिडक्या लावायला लागल्या.

दुकानदार: ...असं. बरं. मग तुम्हाला मोठीच तबकडी हवी, बरोबर आहे तुमचं.

आजोबा: म्हणून म्हणतो, लांबून दिसलं पाहिजे. उद्या रविवार. उद्या मुलीसमोर हात असा पुढे करतो आणि म्हणतो, बाई गं, हे बघ. आता चूक व्हायची नाही. सोमवारी मीच आणणार हिला. ते काचेमागचं चमकतंय ते कसं आहे?

दुकानदार: त्याच्याकडे बघूसुद्धा नका. त्या किमतीत मोटारसायकल येते. दिसायला दोघं सख्खे भाऊ, पण तुमच्या हातातला गरीब. त्याची काच साधी, चार ओरखडे पडतील. आत सेल आहे, दोन-तीन वर्षांनी बदलायचा. वेळेला मात्र हा गरीबच पक्का. तो श्रीमंत दिवसाकाठी थोडा मागे-पुढे होतो.

नात: मग त्याला एवढे पैसे का?

दुकानदार: लोकांनी बघावं म्हणून, ताई.

आजोबा: आम्हाला कुणी बघायला नको. आम्हालाच दिसलं की पुरे. हिरवं काय आहे हे काट्यांवर?

दुकानदार: रेडियम. अंधारात चमकतं. ताई, आजोबांना दाखवा. दोन्ही हातांची ओंजळ करून वरून झाका आणि फटीतून बघा.

नात: अय्या! आजोबा, बघा ना, काजव्यासारखं! दिसलं?

आजोबा: दिसलं की. छान लख्ख दिसतंय.

नात: किती वाजलेत त्यात?

आजोबा: दोनला दहा कमी.

नात: ...नाही.

दुकानदार: अहो, ते बंद आहे, त्यातली वेळ खरी नाही. दुकानात सगळी घड्याळं दहा-दहावर ठेवतो आम्ही, शोभा येते म्हणून.

नात: दहा वाजून दहा आहेत, आजोबा.

आजोबा: मग मी काय म्हणालो?

नात: दोनला दहा कमी.

आजोबा: अंधारात काटे सारखेच दिसतात गं.

नात: मग हात काढते. आता बघा. आजोबा?

आजोबा: बघतोय. थांब जरा. घाई करू नये घड्याळ वाचताना.

दुकानदार: काका, एकदा चष्मा तपासून घेता का? शेजारीच आहे चष्म्याचं दुकान.

नात: तपासला. परवाच. डॉक्टरबाई म्हणाल्या नंबर तोच आहे. डोळे एकदम छान आहेत म्हणाल्या.

आजोबा: ठमे.

नात: काय? छान म्हणाल्या. वाईट कुठे म्हणाल्या?

आजोबा: वाईट नाही म्हणाल्या. तेच तर कळेना मला. अहो, जन्मभर पोरांना घड्याळ शिकवलं मी. पुठ्ठ्याची तबकडी, मधोमध शर्टाचं बटण. लहान काटा आळशी, मोठा काटा धावणारा. हिलाही तसंच शिकवलं.

नात: हो. मी तर पहिल्याच दिवशी शिकले.

आजोबा: पहिल्या दिवशी नाही, तिसऱ्या. पण शिकलीस.

दुकानदार: थांबा काका, हे दुसरं बघा. हेही मोठंच आहे, आणि त्याच्याहून थोडं स्वस्त. मागच्या वर्षी एकानं नेलं आणि बायकोला आवडलं नाही म्हणून परत आणलं. बघा, मिनिटकाटा नारिंगी, चांगला जाडजूड. तासकाटा अगदी बारका, असून नसल्यासारखा.

आजोबा: असं का केलंय?

दुकानदार: पाण्याखाली माणसाला तासाशी काय करायचंय? किती मिनिटं झाली ते कळलं की झालं. आणि हे बाहेरचं कडं फिरतं. ऐका, कट-कट वाजतं. खाली उतरताना कड्यावरचा हा त्रिकोण नारिंगी काट्यासमोर आणायचा. मग काटा कड्यावरच्या ज्या आकड्याला पोचला, तेवढी मिनिटं झाली.

आजोबा: म्हणजे वजाबाकी नाही? किती वाजता गेलो, किती वाजता यायचं, काही नाही?

दुकानदार: काही नाही. काटा बघायचा, आकडा बघायचा.

आजोबा: एवढं सोपं कशाला? पाणबुडे शिकलेसवरलेले असतील की.

दुकानदार: असतात ना. पण म्हणे खूप खोल गेलं की डोकं नीट चालत नाही. चांगली शहाणी माणसं खुळ्यासारखी करायला लागतात. कुणी तोंडातली हवेची नळी माशाला देतो. मी आपलं व्हिडिओत बघितलंय, मला गुडघाभर पाण्यातही भीती वाटते. तर त्यांना कळतच नाही आपलं डोकं चालत नाही म्हणून. त्यांना वाटतं, सगळं ठीक आहे.

आजोबा: त्यांना वाटतं सगळं ठीक आहे?

दुकानदार: हो. वर आले की पुन्हा पहिल्यासारखे.

आजोबा: सगळेच?

दुकानदार: वेळेत वर आले तर. म्हणून तर हे घड्याळ. बनवणारा धरूनच चाललाय की घालणाऱ्याचं डोकं ठिकाणावर नसणार.

नात: माझ्याकडे द्या. उजवीकडे का फिरत नाही हे कडं? बिघडलंय?

दुकानदार: नाही ताई, मुद्दामच तसं आहे, एकाच बाजूला फिरतं. समजा धक्का लागून सरकलं, तर झालेली मिनिटं जास्त दाखवणार, कमी कधीच नाही. म्हणजे माणूस चुकला तरी लवकर वर येतो, उशिरा नाही.

आजोबा: चुकला तरी लवकरच्या बाजूला.

दुकानदार: अगदी बरोबर.

आजोबा: हे द्या.

दुकानदार: पट्टा रबरी आहे, काका. उन्हाळ्यात घाम येईल. आणि त्रिकोण बाराच्या आकड्यासमोर केसभर तिरका बसलाय, आधीच सांगतो. स्वस्तात तसं असतं.

आजोबा: माझंही तसंच आहे. चालेल. हिलाच बांधू द्या.

(दुकानाबाहेर, पायरीवर.)

नात: आजोबा, मी सांगू? मी पाण्यात उतरायच्या आधी त्रिकोण लावून देणार. मग काटा चाळीसवर आला की तुम्ही पेपर खाली ठेवायचा आणि उठायचं.

आजोबा: आणि पस्तीसलाच उठलो तर?

नात: तर पायरीवर बसायचं. मी बसले होते तशी.

आजोबा: हं. तू घाबरली होतीस का गं, मंगळवारी?

नात: नाही. थोडीशी. मला वाटलं तुम्हाला गाडीनं उडवलं. आजोबा, आईला मी सांगते, मोठं घड्याळ घेतलं, आता आजोबांना दिसतं. चालेल?

आजोबा: आणि दोनला दहा कमी?

नात: ते कशाला सांगायचं? मग ती नाहीच म्हणेल. मला काकूंबरोबर नाही यायचं. त्या माझा हात असा घट्ट धरतात, मी काय पिशवी आहे का?

आजोबा: ऐक, ठमे. मला आकडे दिसतात. काटेही दिसतात, अगदी स्वच्छ. पण कुठला काटा कशाचा, ते मधूनच जातं डोक्यातून. फळ्यावरचं कुणीतरी पुसून जावं ना, तसं. फळा दिसतो. पुसलेलंही दिसतं. पण काय होतं तिथं, ते नाही आठवत.

नात: नेहमी?

आजोबा: नाही. म्हणून तर गोंधळ. नेहमी झालं असतं तर मलाच कळलं असतं. मंगळवारी मला वाटलं, घड्याळ चुकलंय. खरंच वाटलं.

नात: मग आता काय करायचं?

आजोबा: आज संध्याकाळी तुझ्या आईला मी सांगणार. दोनला दहा कमीसकट. मग या नारिंगी काट्याचं दाखवेन. ती डॉक्टरांकडे नेईल, तर जाईन. आणायचं कुणी, ते तिनं ठरवावं.

नात: ती नाही म्हणाली तर?

आजोबा: तर काकू आणतील. मी काकूंच्या मागून चालेन. पिशवीत दप्तर घालून, पिशवी त्यांना देईन. म्हणजे त्यांना धरायला काहीतरी होईल.

नात: आणि हो म्हणाली तर?

आजोबा: तर तू रोज त्रिकोण लावायचास. विसरलीस तर मी विचारायचं. मी विसरलो तर तू.

नात: दोघं विसरलो तर?

आजोबा: मग वॉचमनकाका आहेतच, बाई.

नात: आजोबा, मी शिकवू तुम्हाला? पुन्हा पहिल्यापासून? तुम्ही मला शिकवलं तसं. मी ओरडणार नाही.

आजोबा: मी ओरडायचो का?

नात: कधीच नाही.

आजोबा: मग शिकव. आत्ताच सुरू कर. चावी बाहेर ओढ आणि काटे फिरव हवे तिथे.

नात: हं, सरळ बसा. हात असा माझ्याकडे करा. हा लहान काटा, हा...

आजोबा: अशी समोर नको उभी राहूस, बाळ. समोरून सगळं उलटं दिसतं. इकडे ये, शेजारी बस.