उशाकडचा कोपरा

(भर दुपार. वादळ येऊन गेलंय, वीज गेलीय. वडिलांच्या खाटेशी बसून मुलगी सोलरच्या फिटरशी बोलतेय. फोन स्पीकरवर आहे.)

मुलगी : तेच तर विचारतेय मी, दादा. गच्चीवर ऊन रणरणतंय, पॅनल चकाकतायत, आणि घरात एक दिवा लागत नाही. इन्व्हर्टरवर नुसता लाल ठिपका.

फिटर : तो बिघडलेला नाही, ताई. बाहेरची लाइन गेली की तो आपणहून बंद होतो. तुमची सिस्टिम ऑन-ग्रिड आहे.

मुलगी : म्हणजे काय, ते आज सांगा. बसवताना तुम्ही किलोवॅट, नेट मीटर, ऑन-ग्रिड असं धडाधड बोलत गेलात आणि मी मान डोलावत गेले. मला वाटलं, आता वीज गेली तरी आपलं काही अडत नाही. त्या भरवशावर बाबांच्या ऑक्सिजनचा मोठा सिलिंडर परत पाठवला.

फिटर : परत पाठवला? मग बाबा आता...

मुलगी : ऑक्सिजनचं मशीन बंद पडलंय. हा एक छोटा सिलिंडर उरलाय, त्याचा काटा लाल पट्ट्याला टेकलाय. ॲम्ब्युलन्स पडलेल्या झाडापलीकडे अडकलीय. काहीही करा, पण त्या इन्व्हर्टरला जबरदस्तीने चालू करा.

फिटर : नाही होत, ताई. बाहेरच्या लाइनीच्या आधारावरच चालतो तो. आणि समजा चाललाच, तर तुमच्या पॅनलची वीज उलटी बाहेरच्या तारेत जाईल. तार जोडायला कुणी खांबावर चढलेलं असलं, तर तो जागच्या जागी संपेल.

मुलगी : चढलाय ना. खिडकीतून दिसतोय मला, पिवळं हेल्मेट घातलेला. त्या डब्याला त्याची काळजी आहे, माझ्या बाबांची नाही?

वडील : अगं... त्याच्यावर... नको ओरडूस.

मुलगी : तुम्ही बोलू नका, बाबा. दम पुरवून ठेवा. दादा, याला बॅटरी लावता येते ना? मग तेव्हा का नाही लावलीत?

फिटर : सांगितलं होतं, ताई. लाइन गेली तरी चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर घ्या, सोबत बॅटरी घ्या. बाबांच्या उशाकडच्या कोपऱ्यात खडूने जागासुद्धा आखली होती. तुम्ही कामावर गेला होतात.

मुलगी : मग?

वडील : मी... नको म्हटलं.

मुलगी : तुम्ही? मला तर म्हणालात, फिटर म्हणतोय बॅटरी लागत नाही.

वडील : तिथं... तुझ्या आईचं... शिलाई मशीन आहे.

मुलगी : बाबा, त्या मशीनला सुईसुद्धा नाही. त्यावर तुमच्या औषधांच्या बाटल्या असतात.

वडील : जाग आली की... हात लागतो... त्याला.

मुलगी : काय बोलू मी तुम्हाला. काय बोलू.

फिटर : ताई, ऐका. दुकानात चार्ज केलेली बॅटरी होती, ती आणि एक छोटा इन्व्हर्टर बोलता बोलताच हातगाडीवर टाकून मी निघालोय. तुमचं ऑक्सिजनचं मशीन थेट त्यावर लावू. झाडापाशी ॲम्ब्युलन्सवाले हात देतील.

मुलगी : पोचाल ना वेळेत?

फिटर : खोटं कशाला बोलू. रस्ताभर फांद्या आहेत. गाडी ढकलतोय.

मुलगी : मी काट्याकडे बघायचं सोडून दिलंय, दादा.

फिटर : बॅटरी खाटेजवळच ठेवावी लागेल, वायर आखूड आहे. बघा जरा कुठे बसते ते.

वडील : काढ... ते.

मुलगी : काय काढू?

वडील : तिचं मशीन... बाहेर काढ.

मुलगी : राहू दे बाबा, मी करते काहीतरी. खाट सरकवते.

वडील : काढ गं. ती असती तर... मला विचारलंसुद्धा नसतं तिनं.

फिटर : ताई? कसला आवाज झाला? ताई, बाबा ठीक आहेत ना?

मुलगी : श्वास चाललाय. आईच्या मशीनची चाकं गंजलीत, फरशीवरून ओढत न्यावं लागलं. या तुम्ही, दादा. कोपरा मोकळा केलाय.