उमेदवाराने जोडलेली पायरी

उमेदवार : झाली की नाही शिडीची पायरी जोडून, मिस्त्रीकाका? फोटोवाले खूश होऊन चहाला गेले! आता उद्या सभेत स्टेजवर यायचं आणि एवढंच म्हणायचं, "हा आपल्यातला आहे, याच्या हातात कसब आहे."

मिस्त्री : ठिणग्या झकास उडवल्यात, साहेब. फोटो छान येतील.

लेक : पायरीचं सांगा ना, बाबा.

उमेदवार : ताई, माझे वडील वेल्डर होते. रक्तातच आहे आमच्या!

लेक : रक्तात असेल, रॉडमध्ये उतरलं नाही. वरून नुसतं फासलंय, आत पोकळ आहे.

उमेदवार : तिखट आहे हो तुमची लेक! बरं, कामाचं बोलू. निवडून आलो की चाळीस गावांच्या पाण्याच्या टाक्यांना नव्या शिड्या. सगळं काम तुमच्या शेडला. तीन महिने तुमचं मशीन जवळजवळ थंड पडलंय, कळलंय मला.

मिस्त्री : खरं कळलंय.

उमेदवार : मग?

मिस्त्री : आमच्या उस्तादांपासूनची रीत आहे. ज्यानं पायरी जोडली, त्यानंच आधी तिच्यावर उभं राहायचं. त्याशिवाय शिडी दाराबाहेर पडत नाही. ही उद्या सकाळी टाकीला लागणार. पाणीवाला चढेल हिच्यावर, दोन लेकरांचा बाप आहे. चढा, साहेब. तुमची तर खालून दुसरीच आहे.

उमेदवार : या कपड्यांत?

लेक : आम्ही कपडे नाही जोखत, वजन जोखतो.

उमेदवार : बघा तर मग! ही पहिली... आणि ही दुस—

(पायरी एका बाजूने सुटते. उमेदवार शिडीला लोंबकळून कसाबसा उतरतो.)

लेक : अगंबाई! लागलं का? बसा, पाणी देते.

उमेदवार : नको, नको. फोटोवाल्यांनी पाहिलं नाही ना?

मिस्त्री : नाही. आणि आम्हीही चारचौघांत विषय काढणार नाही. हात बसायला वर्षं जातात, त्यात लाज कसली? सवड काढून या, शिकवतो.

उमेदवार : म्हणजे उद्या येताय स्टेजवर?

मिस्त्री : समोर बसून ऐकेन. गोड बोलता तुम्ही, ऐकत राहावंसं वाटतं. पण साक्ष नाही देणार. मत गुपचूप टाकता येतं, साहेब. साक्ष देवाच्या कानावर जाते.

उमेदवार : दुसरेही वेल्डर आहेत हां, काका.

मिस्त्री : आहेत की. जपून जा, दाराचा पत्रा डोक्याला लागतो.

लेक : गेले. गाडीसुद्धा वळली. चाळीस शिड्या होत्या, बाबा.

मिस्त्री : चाळीस.

लेक : वाईट वाटतंय?

मिस्त्री : न वाटायला मी काय संत लागून गेलोय? वाटतंय. पण मान खाली घालून जगायला नको. चल, ती पायरी घासून काढ आणि नव्यानं जोड.

लेक : मी? आजचं फोटोपुरतं सोडलं, तर टाकीचं काम तुम्ही कधी कुणाच्या हाती दिलं नाहीत.

मिस्त्री : तुझा हात आता माझ्यापेक्षा सरळ चालतो. मघाशी त्याच्यासमोरच म्हणायला हवं होतं.