दाणे हवेत की डबा?

आमचा दत्तूदादा बोटीवर नोकरीला होता ना, तेव्हाची गोष्ट. रजेवर गिरगावात आला तो पीनट बटरचा डबा घेऊनच. रोज सकाळी पावाला तेच. ते कशाचं करतात हे आम्ही विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. डबा संपला, आणि नेमका संयुक्त महाराष्ट्राचा हरताळ. ते मिळायचं ती फोर्टातली दुकानं बंद.

आईने त्याऐवजी तीळ वाटून दिले. "कडू लागतात." गावचे काजू वाटले. "फार गोड." खोबरं वाटलं, तर म्हणतो, "हे टाळूला चिकटत नाही."

"मग कागद चिकटवायची खळ लावू का पावाला?" आई म्हणाली.

त्यातच लालबागला त्याच्यासाठी मुलगी बघायला गेलो. आईने वाटेत बजावलं, "मुलगी कितीही आवडली तरी 'कळवतो' म्हणून उठायचं. जागेवर होकार द्यायचा नाही."

पोहे झाले. मुलीचे वडील म्हणाले, "काही विचारायचं तर विचारा."

दादाने विचारलं, "पीनट बटर मिळालं नाही, तर त्याऐवजी काय द्याल?"

मुलगी म्हणाली, "त्यात असतं काय?"

"भाजलेले शेंगदाणे. मीठ घालून वाटलेले."

"मग तेच वाटून देईन की. तुम्हाला दाणे हवेत की डबा?"

आईने आधी दादाकडे बघितलं, मग वाटून वाटून दुखऱ्या झालेल्या स्वतःच्या मनगटाकडे. चहाचा कप खाली ठेवला आणि मुलीच्या वडिलांना म्हणाली, "मुहूर्त कधीचा काढायचा?"